पुनावळ्याच्या गोठ्यातल्या दोन रांगा

आकुर्डी, ता. १२ जानेवारी १९५७

उद्धवराव यांस,

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ घातलेला नाही. तेरावे होऊन गेले, तरी घालवत नाही.

मुंबईहून पाठवलेले तुमचे कार्ड पोचले. आक्काच्या जाण्याने तुम्ही दुसऱ्यांदा पोरके झालात, असे लिहिले आहे. वाक्य चांगले आहे. मला तशी वाक्ये जमत नाहीत. कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेणारा माणूस मी. जे आहे ते लिहितो.

शेवटी तानाला फार त्रास झाला का, असे तुम्ही विचारता. झाला. पोटात पाणी साठले होते आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासले आणि तिच्यासमोरच मला विचारले, “बाई दारू घेतात का?” मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारले. यकृत इतके गेलेले त्यांनी फक्त दारू पिणाऱ्यांचेच पाहिले होते म्हणे. तानाने तोंड भिंतीकडे केले. माळकऱ्याची मुलगी ती. त्यानंतर ती माझ्याशीही फारशी बोलली नाही.

तुम्ही आला नाहीत. लोकपोषण मंडळाच्या सभेत वाचायचा निबंध पुरा करायचा होता, असे मंडळाचे चिटणीस अर्जुनराव सांगत होते. माहेरची साडी तुम्ही त्यांच्याच हाती पाठवलीत. हिरवी होती, पोतही चांगला होता. ती नेसवूनच तिला नेले. भावाची साडी परत पाठवलेली तिला आवडली नसती. मला आवडली असती.

आता मागचे थोडे लिहितो, कारण तुमच्या कार्डावरून वाटते की तुम्हाला ते आठवत नसावे.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही लोकपोषण मंडळाचे जनावरांचे डॉक्टर होऊन पुनावळ्याला आलात. गोदामात ओल लागून पडलेली, कोणी विकत घेत नाही अशी भुईमुगाची पेंड आणायची, धुवायची, भाजायची, दळायची आणि मंडळाच्या गोठ्यातल्या वासरांना घालून पाहायची, असा तुमचा प्रयोग. सरकी महागली, गरिबाच्या गुरांनी खायचे काय, असे तुम्ही आमच्या ओट्यावर बसून म्हणाला होता. मला ते पटले होते. गोठ्यात खाद्य घालायला विश्वासाचे माणूस हवे म्हणून तुम्ही बहिणीला मागितलेत. ती रोज नदी ओलांडून पायी जाऊ लागली. त्या दिवसांत ती खूश होती, हेही लिहितो. भाऊ शिकून मोठा झाला आणि पुन्हा तिच्याजवळ आला, असे ती म्हणायची.

मग त्याच पिठात गूळ घालून तुम्ही मुलांसाठी लाडू वळलेत. आकुर्डीच्या बालवाडीतल्या बायका म्हणाल्या, गुरांची पेंड आमच्या पोरांना नको. तेव्हा तुम्ही तानाला सांगितलेत, “आक्का, तू रोज त्यांच्यासमोर खा. तू खाल्लंस की त्यांची भीती जाईल.”

गणपतीपासून ती रोज सकाळी बालवाडीच्या पायरीवर बसून लाडू खायची आणि मग गोठ्यावर जायची. बायका चिडवायच्या, तानाबाई, आता दूध किती देणार? ती म्हणायची, भावाच्या हातचे आहे, विष नाही. पुढे ती थकू लागली. तुम्ही येऊन नाडी पाहिलीत आणि म्हणालात, अशक्तपणा आहे, दोन खात जा. तिने दोन खाल्ले. भाकरी जात नव्हती तेव्हाही खाल्ले.

चार फेब्रुवारीपासून आकुर्डी, चिंचवड आणि पुनावळे इथल्या बालवाड्यांत मुलांना हे लाडू मिळणार, असे बालवाडीच्या बाई कुसुमताईंनी फळ्यावर लिहिले आहे. म्हणून एकच विचारतो. ताना लाडवाने गेली का? हो किंवा नाही, एवढेच कळवा.

ज्योतीराम


आकुर्डी, ता. २२ जानेवारी १९५७

उद्धवराव यांस,

एका शब्दाऐवजी तुम्ही चार पाने लिहिलीत. मी सावकाश वाचली.

तुम्ही समजावून दिले आहे, की गोठ्यात मधून वाट आणि दोन्ही बाजूंना गव्हाणी. उजवीकडच्या वासरांना नवे खाद्य, डावीकडच्यांना नेहमीची वैरण आणि सरकी. दोन्हीकडची वासरे एकाच वयाची, एकाच छपराखाली. पावसाळ्यानंतर ती आजारी पडू लागली ती दोन्हीकडची, आणि मेली तीही दोन्हीकडची, जवळजवळ सारखीच. म्हणजे आजार खाद्याचा नाही. नदीच्या पाण्याचा असेल किंवा गोचिडांचा असेल. आक्काला झाली ती या वर्षी सगळीकडे फिरणारी कावीळ. “दोन रांगांत फरक नाही, याहून स्वच्छ पुरावा शास्त्रात मिळत नाही,” असे तुमचे शब्द आहेत.

मला ते पटले. बरेही वाटले. आपल्या माणसाला आपल्याच माणसाच्या हातून काही झालेले नाही, हे समजल्यावर झोप लागते.

रविवारी ठकुबाई आली. पुनावळ्याची, तानाबरोबर गोठ्यात काम करणारी. तानाची चुंबळ गोठ्यात राहिली होती ती द्यायला आली होती. चहा ठेवला. बोलायला काही नव्हते म्हणून मी तिला तुमच्या पत्रातले सांगितले, की डॉक्टरांनी दोन रांगा करून तपासले आहे, फरक निघाला नाही.

ती कप खाली ठेवून म्हणाली, “दोनी रांगा सारख्याच व्हणार की. दोनीबी तेच खात व्हत्या.”

मला समजले नाही. मग तिने सांगितले ते असे. भाजलेल्या पिठाचा वास गोठाभर सुटायचा. उजवीकडची वासरे खायला लागली की समोरची दावी ताणून बघत उभी राहायची. आपल्याकडे कोणी समोर असताना त्याच्या हातावर घास ठेवल्याशिवाय कोणी खात नाही. उपाशी डोळ्यांची नजर खाणाऱ्याच्या अन्नाला लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्याच घरी गाईला पेंड घातली की समोर बांधलेल्या शेजाऱ्याच्या गाईला ओंजळभर जायची. ताना इथेही तेच करत होती. रोज, पहिल्या दिवसापासून. डावीकडच्या प्रत्येक गव्हाणीत एक ओंजळ, आणि वासरू फारच मान टाकून बघत असेल तर दोन.

ठकुबाई म्हणाली, “मी म्हनलं, डाक्टर रागावतील. तर म्हनली, अगं त्याच्याच भल्यासाठी करतीया. समोरची टकामका बघत्यात. उद्धवाच्या खाद्याला दिष्ट लागली तर त्याचा परयोग फसंल.”

उद्धवराव, हे पुन्हा वाचा. तुमचा प्रयोग फसू नये म्हणून तिने हे केले.

मी सातवीपर्यंत, व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलो आहे. शास्त्र मला कळत नाही. पण नवे खाद्य न खाल्लेले एकही वासरू तुमच्या गोठ्यात नव्हते, एवढे कळते. तुमच्या दोन रांगा नव्हत्याच. एकच रांग होती आणि ती आजारी पडली. लाडवाने ताना गेलीच, असे मी म्हणत नाही. पण लाडवाने नाही गेली, असे तुम्हीही आता म्हणू शकत नाही.

आता लाडू थांबवा. पुन्हा तपासा आणि मग काय ते ठरवा. अर्जुनरावांना एक तार पुरे. मी हे कोणाला सांगितलेले नाही. ठकुबाईलाही गप्प राहायला सांगितले आहे.

ज्योतीराम


आकुर्डी, ता. ३० जानेवारी १९५७

उद्धव,

आजपासून अहोजाहो नाही. खेडच्या शाळेत जायला तू आमच्या चाकणच्या घरी राहायला आलास तेव्हा मी तुला अरेतुरेच म्हणत होतो. डॉक्टर झालास तेव्हा तानानेच मला अहो म्हणायला लावले. माझ्या भावाला चार लोकांत मान मिळाला पाहिजे म्हणाली. ती आता नाही.

तुझे उत्तर आले. तू लिहितोस, आक्काने असे केले असेल तर वर्षाची मेहनत मातीत गेली. मंडळाला हे कळले तर पहिला प्रश्न येईल की खाद्य कोण घालत होते, आणि तिचे नाव निघेल. डॉक्टरच्या अडाणी बहिणीने सगळे बिघडवले, असे लोक म्हणतील. मुलांचा लाडू तर लहान असतो, मुले रोज येतातही असे नाही. मुंबईची सभा एकदा पार पडू द्या, उन्हाळ्यात मी गाजावाजा न करता प्रयोग पुन्हा करतो. आणि शेवटी, “दाजी, तिच्या नावासाठी तरी गप्प राहा.”

तिच्या नावाची तुला काळजी आहे, हे वाचून मी पत्र खाली ठेवले आणि अंगणात फेऱ्या मारल्या. मला राग लवकर येत नाही, हे तुला माहीत आहे. फाटकावर रोज कोणी ना कोणी उशिरा येतो आणि शिव्या देऊन आत जातो, मी वर बघत नाही. पण लोकांची भीती जावी म्हणून तू तिला पायरीवर बसवलेस आणि आता तू दिसू नयेस म्हणून तिला पुढे उभी करतोस. जिवंत होती तेव्हाही तिच्याआड लपलास आणि आताही लपतोस.

अडाणी म्हणतोस. ती चौथीतून निघाली ती तुझी आई गेली म्हणून, तुला सांभाळायला. गोठ्यात तू तिला काय सांगितले होतेस? ठकुबाईला शब्द पाठ आहेत. “ह्यांना हे, त्यांना ते. बाकी विचारू नकोस.” का, ते सांगायला तुला किती वेळ लागला असता? आक्का, डावीकडच्यांना दिलंस तर मला काही समजणार नाही, एवढे एक वाक्य. मग तिने मधल्या वाटेवर गोणपाटाचा पडदा बांधला असता. बघणारेही नकोत आणि दिष्टही नको. तिला तेवढे सुचले असते. सांगायची गरजच तुला वाटली नाही, कारण तुझ्या लेखी गोठ्यात काम करणारे दोन हात होते.

एवढ्यावर मी थांबलो असतो. चूक तिची, चूक तुझी, दोघे एका घरचे. पण काल ठकुबाईला मी पुन्हा विचारले, की डॉक्टरांना याचा पत्ताच नव्हता का? ती आधी उठून जायला लागली. मी वाटेत उभा राहिलो. तेव्हा म्हणाली, दसऱ्याच्या सुमाराला वासरांची वजने करायला तू आला होतास. डावीकडच्या गव्हाणीत पीठ होते. तू बोटाने उचलून पाहिलेस.

“मला वाटलं, आता बोलनी खातीया तानाबाई. तर डाक्टर हसलं. म्हनलं, आक्का, तुझा हात सढळच. अन् वजनकाट्याकडं गेलं.”

हसलास.

तू म्हणशील, एकदाच सांडले असेल असे वाटले. तू डॉक्टर आहेस, उद्धव. दोन्हीकडची वासरे वाळत होती आणि दोन्हीकडे पीठ होते. त्या वेळी तिला लाडू सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. तिथेच ओरडला असतास तर ती दोन दिवस रुसली असती आणि आज चूल पेटवत असती. ओरडला नाहीस, कारण रांगा सारख्या निघणे तुझ्या सोयीचे होते. आणि त्यानंतर तू आमच्या घरी येऊन तिला म्हणालास, दोन खात जा.

हे कोणाला सांगितलेले नाही, असे मी गेल्या पत्रात लिहिले होते. ते तुझ्यासाठी नव्हते. तानाने बिघडवले असे कोणी म्हणेल, ते मला ऐकवले नसते. अजूनही ऐकवणार नाही. पण सोमवारी, चार तारखेला, पोरे ओळीने बसतील आणि त्यांच्या हातावर लाडू ठेवतील. रविवारपर्यंत अर्जुनरावांना तुझी तार आली नाही तर मी जाऊन सांगणार आहे. सगळे सांगणार आहे.

ज्योतीराम


आकुर्डी, ता. ६ फेब्रुवारी १९५७

उद्धव,

तार आली नाही.

सोमवारी मी रजा टाकून बालवाडीत गेलो. मारुतीच्या देवळामागची खोली तू पाहिलेली आहेस. पोरे ओळीने बसली होती, आया दारात उभ्या होत्या आणि अर्जुनराव परातीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून म्हणाले, “या टाइमकीपर. आज पोरांची हजेरी घ्यायला आलात का?” बायका हसल्या. मीही हसलो असतो, एरवी.

मी म्हणालो, लाडू वाटू नका. ते म्हणाले, डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळते का? मी वाटेत पुष्कळ जुळवून आणले होते. त्यातले काही आठवेना. चार लोकांसमोर मी नावे पुकारतो, त्यापलीकडे कधी बोललेलो नाही. शेवटी पायरीकडे बोट केले. “माझी बायको इथे बसून हेच खात होती. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. ती गेली.”

 मग कोणीतरी म्हणाले, तिला तर कावीळ झाली होती ना? अर्जुनरावांनी लगेच ते उचलले. कावीळच होती, आणि खाद्य गोठ्यात दोन रांगा करून तपासलेले आहे, दोन्ही रांगा सारख्या निघाल्या, कागद आहेत.

तेव्हा मला ते सांगावे लागले. मी सांगितले, की रांगा सारख्या निघाल्या कारण तानाने डावीकडच्यांनाही हेच घातले. दिष्ट लागू नये म्हणून घातले. तपासलेले काहीच नाही.

लातूरकडून आलेली कौशल्याबाई आहे, नवरा आमच्याच कारखान्यात आहे. ती म्हणाली, “म्हंजे घोळ तिच्याच हातचा की. अन् वर आम्हाला खाऊन दाखवायली होती.”

ज्याला मी भीत होतो ते हेच. ऐकले. होय म्हणालो.

ठकुबाई पुनावळ्याहून आली होती आणि माझ्या पाठीमागे उभी होती. ती पुढे झाली. “व्हय, घातलं तिनं. तू घातलं नसतंस? मघाशी तुझ्या पोरानं शेंगा खाल्ल्या, तवा शेजारच्या पोराच्या हातावर कोनी ठिवल्या? तूच ठिवल्यास न्हवं? तेवढंच केलं तिनं. अन् ह्या लाडवात काय हाय ते तिला ठावं असतं तर सोता खाल्लं असतं व्हय?”

 कौशल्याबाईच्या मुलाच्या हातात लाडू आधीच पडला होता. तिने तो काढून घेतला. पोराने भोकाड पसरले. तिने लाडू परातीत ठेवला आणि पोराला कडेवर घेऊन निघून गेली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. कुसुमताईंनी परातीवर फडके टाकले आणि अर्जुनरावांना म्हणाल्या, डॉक्टरांना स्वतः येऊ द्या, तोवर माझ्या वर्गात हे वाटणार नाही. अर्जुनराव मला म्हणाले, तुमच्या मॅनेजरसाहेबांशी बोलावे लागेल. बोलू देत.

ठकुबाई तशीच पुनावळ्याला परत गेली आणि तिथे तिने सांगितले. तिथल्या बायका तिला ओळखतात, फार बोलावे लागले नाही. मी चिंचवडला गेलो. तिथे पोचलो तेव्हा सकाळचे लाडू वाटून झाले होते. पोरे ओठ चाटत घरी चालली होती. एक मुलगी रिकामी मूठ नाकाशी धरून वास घेत होती. ती सगळी पोरे एकच दिवस खाऊन थांबली आहेत आणि एका दिवसाने काही होत नसावे, असे मी स्वतःला सांगतो. होते की नाही, ते तुलाही माहीत नाही. पाठीमागे राहिलेल्या आयांना मी तेच सगळे पुन्हा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना सोपे जाईल असे वाटले होते. गेले नाही.

तिन्ही ठिकाणी लाडू बंद आहेत. तू येऊन पुन्हा सुरू करशील तर मी पुन्हा जाईन. आता मला बोलता येते.

तानाचे काय झाले तेही तुला सांगतो. नळावर बायका तिला ‘दोन्हीकडे घालणारी’ म्हणतात. कोणी कीव करून म्हणते, कोणी टोमणा मारून. मी घागर भरून घरी येतो. मला तिच्याबद्दल असे ऐकायचे नव्हते, आणि ते मीच सुरू केले. तुझ्या पत्रातला एवढा एक अंदाज बरोबर निघाला.

सोळा तारखेला मुंबईत तुमची सभा आहे. तिथे तू निबंध वाचणार आणि दोन रांगांत फरक नाही म्हणणार. तिथे तुला अडवायला मी येऊ शकत नाही. तिथे मला कोणी ओळखत नाही आणि दारातून आतही सोडणार नाहीत.

तिने काय केले, ते मी तीन गावांत पोचवले. डाव्या गव्हाणीतले पीठ बोटावर घेऊन तू हसलास, ते मी अजून कोणाला सांगितलेले नाही, आणि ठकुबाईलाही सांगू दिलेले नाही. ते सभेत तू सांग.

ज्योतीराम